सोलापुरात नाटक, गाणं, व्याख्यान गाठायचं कसं? नव्याने आलेल्यांसाठी

बदली होऊन सोलापुरात आले त्याला आता सात वर्षं झाली. पहिल्या वर्षात मी दोन नाटकं पाहिली आणि पाच हुकवली. त्या पाचातल्या एकाची तर तिकिटं माझ्या पर्समध्ये होती. आता ऑफिसात नवीन कुणी रुजू झालं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हमखास विचारतं, "इथे नाटकं-बिटकं होतात का हो?" होतात की. नाटकं होतात, मैफली होतात, व्याख्यानं आणि मुलाखती तर हिवाळ्यात इतक्या होतात की एका संध्याकाळी दोन ठिकाणी जावंसं वाटतं. दरवेळी तेच ते सांगून तोंड दुखलं, म्हणून हे एकदाचं लिहून काढते.

सुरुवातीला एवढं पक्कं डोक्यात घ्या. पुण्या-मुंबईत नाटक चुकलं तर पुढच्या शनिवारी दुसऱ्या थिएटरला असतं. इथे व्यावसायिक नाटक दौऱ्यावर येतं. दिवसा सेटचा टेम्पो येतो, मागोमाग कलाकारांची बस, संध्याकाळी प्रयोग, आणि मध्यरात्रीच्या आत सगळं गुंडाळून गाडी पुढच्या गावाला. तेच नाटक परत सोलापुरात यायचं म्हणजे वर्ष-दीड वर्ष जातं, कधी कधी येतच नाही. म्हणून "बघू पुढच्या वेळी" हे इथे चालत नाही. खालची सगळी उस्तवार त्यासाठी.

1. सभागृहांची नावं पाठ करा

नुसतं "हॉलवर या" असं कुणी सांगितलं तर कुठल्या, ते विचारा.

हुतात्मा स्मृती मंदिर हे मुख्य नाट्यगृह. महापालिकेचं आहे, पार्क चौकाच्या जवळ. दौऱ्यावरची नाटकं आणि मोठ्या मैफली बहुतेक इथेच. शिवछत्रपती रंगभवन दुसरं. त्याच्यामुळे चौकाचं नावही रंगभवन चौक. डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृहात पुस्तक प्रकाशनं, व्याख्यानं, सत्कार. हिराचंद नेमचंद वाचनालयाचं ॲम्फी थिएटर छोटेखानी कार्यक्रमांसाठी, आणि मला विचाराल तर व्याख्यान ऐकायला सगळ्यात बरं, कारण वक्ता हाकेच्या अंतरावर असतो. शिवस्मारकातही अधूनमधून काही ना काही चालू असतं.

आता एक फजिती सांगते. पहिल्याच नाटकाला निघाले तेव्हा रिक्षात बसून नुसतं "हुतात्माला चला" म्हटलं आणि फोनमध्ये डोकं घातलं. मान वर केली तर समोर रेल्वे स्टेशन.

"अहो, मला हुतात्माला जायचं होतं!"

"मग आणलं की स्टेशनला. पण मॅडम, हुतात्मा आत्ता कुठली? ती सकाळी साडेसहाला जाती."

त्याच्या डोक्यात पुण्याला जाणारी हुतात्मा एक्स्प्रेस. चूक त्याची नव्हती. 12 जानेवारी 1931 ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे चौघे सोलापूरचे. त्यांचे पुतळे ज्या चौकात आहेत तो हुतात्मा चौक, लोकांच्या तोंडी चार पुतळे. त्यामुळे "हुतात्मा" म्हणजे नाट्यगृह, चौक की गाडी, हे ज्याचं त्याने ठरवायचं. तुम्ही "हुतात्मा स्मृती मंदिर, पार्क चौकाजवळ" असं पूर्ण सांगा. माझा पहिला अंक त्या दिवशी अर्धा गेला.

2. बातमी कुठे लागते ते शोधा

एकाच ठिकाणी सगळं मिळेल अशी आशा सोडा. मी चार ठिकाणी बघते.

वर्तमानपत्राची सोलापूर आवृत्ती. मुंबई-पुण्याच्या आवृत्तीत इथलं काही येत नाही, आणि मोबाईलवर वाचणाऱ्यांची गडबड इथेच होते. 'संचार' हा सोलापूरचा स्वतःचा पेपर, तो चाळाच. संस्थांची छोटी छोटी पत्रकं त्यात आतल्या पानांवर असतात. दौऱ्यावरच्या नाटकाची जाहिरात आधीच्या आठवड्यात दिसू लागते.

चौकातले फ्लेक्स. पार्क चौक, सात रस्ता, रंगभवन, या बाजूने रोज जात असाल तर वाढदिवसांच्या शुभेच्छांमधून कार्यक्रमाचा फ्लेक्स वेचून काढायची नजर आपोआप तयार होते.

वाचनालयाचा सूचना फलक. मी आल्या आल्या वाचनालयाचं सभासदत्व घेतलं ते पुस्तकांसाठी, पण जास्त उपयोग झाला तो फलकाचा. शिवाय पुस्तक बदलायला येणारी निवृत्त मंडळी म्हणजे चालतंबोलतं कार्यक्रमपत्रक. एकदा ओळख झाली की "उद्या येताय ना?" असं तेच विचारतात.

व्हॉट्सॲप. यात एक सापळा आहे. पोस्टरवर वार असतो, तारीख असते, वेळ असते, साल नसतं. मागच्या वर्षीचं पोस्टर कुणीतरी हौसेने पुढे ढकलतं आणि आपण नटूनथटून बंद दारासमोर. पोस्टर आलं की आधी कॅलेंडर उघडून त्या तारखेला तोच वार येतो का बघा. दहा सेकंदांचं काम आहे. जुळला नाही तर पोस्टर जुनं.

आणखी एक. सोलापूर हे एका भाषेचं गाव नाही. पूर्व भागात तेलुगू घरोघरी बोलली जाते, कन्नड तर बाजारात पावलोपावली कानावर पडते, आणि उर्दूचा स्वतंत्र रसिकवर्ग आहे. मुशायरा, तेलुगू कार्यक्रम, कन्नड नाटक यांच्या बातम्या आपल्या मराठी गटांत फिरत नाहीत. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचं माहेर साखर पेठेतलं; त्यांनी ओढत नेलं नसतं तर मला पत्ताही लागला नसता. भाषा कळली नाही तरी मुशायऱ्यात दाद कधी द्यायची ते शेजारच्याकडे बघून कळतं.

3. जाहिरातीतल्या खालच्या ओळी वाचा

कलाकाराचा फोटो सगळेच बघतात. आपल्याला जागा मिळणार की नाही ते मात्र तळाच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. त्यांचा अर्थ असा:

"प्लॅन सुरू" किंवा "प्लॅन उघडला": तिकीटविक्री चालू झाली. प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा नकाशा. गाजलेल्या नाटकाचा प्लॅन उघडतो त्याच दिवशी जा.

"प्रवेश विनामूल्य": तिकीट नाही, पण म्हणून जागा आहेच असं नाही. नावाजलेला माणूस असेल तर दिलेल्या वेळेच्या पाऊण तास आधी पोचा.

"काही जागा राखीव": या "काही"वर माझा राग आहे. एका मुलाखतीला मी चाळीस मिनिटं आधी गेले तर पुढच्या सहा रांगांवर कागद चिकटवलेले. राखीव माणसं आली नाहीत तर कार्यक्रम सुरू झाल्यावर कधी कधी पुढे बसू देतात. स्वयंसेवकाला हसून विचारायला काय जातंय.

"प्रवेशिका आवश्यक": पैसे नाहीत, पण पास लागतो. तो कुठे, कुठल्या दिवशी, किती वाजता मिळणार हे त्याच जाहिरातीत असतं आणि आपण तेच वाचत नाही. एका माणसाला बहुधा दोनच देतात. चौघांचं कुटुंब असेल तर दोघांनी रांगेत उभं राहा. आणि प्रवेशिका असली तरी खुर्ची ठरलेली नसते. "प्रथम येणाऱ्यास प्राधान्य" हे शेवटपर्यंत लागू.

"सन्मानिका": मानाचा फुकट पास. ही मागायची नसते, मिळायची असते. ओळखीने मिळाली तर ज्यांच्याकडून घेतली त्यांना फोन करून "गेलो होतो, छान झालं" एवढं कळवा. रिकामी खुर्ची आयोजकाला लांबून दिसते.

"निमंत्रितांसाठी": सरळ आहे. जाऊ नका.

"ठीक 6 वाजता": यात दोन जाती. नाटक आणि व्याख्यान. नाटकाची तिसरी घंटा बहुतेक वेळेवर होते. उशीर झालाच तर आदल्या गावाहून टेम्पो उशिरा आलाय म्हणून. व्याख्यानाचं तसं नाही. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, पुन्हा एक शाल. मुख्य वक्ता बोलायला उभा राहीपर्यंत अर्धा-पाऊण तास सहज जातो. म्हणून उशिरा जायचं का? नाही. मागची रांग मिळेल. वेळेवर जा आणि पिशवीत पुस्तक ठेवा.

4. तिकीट: खिडकीवर की मोबाईलवर

दोन्ही चालतं. माझं मत खिडकीच्या बाजूने आहे.

खिडकीवर प्लॅनचा कागद समोर पसरलेला असतो. चौकोन चौकोन, विकलेल्यांवर फुली. आतला माणूस पेन्सिल कानामागून काढून विचारतो, "किती? पुढं का मधी?" तुम्ही "मधे" म्हणालात तर तो पेन्सिलचं टोक एका चौकोनावर ठेवून थांबतो. त्या क्षणी घाई करू नका. "बाल्कनी कुठून सुरू होते?" हे विचारून घ्या, कारण बाल्कनीच्या पोटाखालच्या शेवटच्या रांगांत आवाज दबतो. पहिल्या दोन रांगांत मान अवघडते आणि नटांचे पाय दिसत नाहीत. पाचवी ते दहावी, मधल्या भागात, हे माझं नेहमीचं. सोबत म्हातारं माणूस असेल तर कडेची खुर्ची मागा, मध्यंतरात उठायला सोपं. गाण्याच्या कार्यक्रमाला मात्र मी मुद्दाम थोडी मागे बसते. स्पीकरच्या तोंडाशी बसून तबला ऐकला की रात्रभर कानात ठेका चालू राहतो.

बुक माय शो, तिकिटालय यांसारख्या ॲपवरून घेणार असाल तर वर लागणारा आकार धरून हिशोब करा, आणि मोबाईल नंबर चालू असलेलाच द्या. माझी पर्समधली तिकिटं वाया गेली ती इथे. रात्री साडेनऊचा प्रयोग काही कारणाने संध्याकाळी साडेपाचला आला. संदेश गेला माझ्या जुन्या नंबरवर, जो मी गाव सोडतानाच बंद केला होता. मी आणि नवरा सव्वानऊला पोचलो तेव्हा नेपथ्याच्या फळ्या टेम्पोत चढत होत्या. एक मुलगा खिडकीची चौकट खांद्यावर घेऊन आमच्या शेजारून गेला. त्या नाटकाचं मी तेवढंच पाहिलं, एक खिडकी.

तेव्हापासून नियम: प्रयोगाच्या दिवशी सकाळी पेपरातली जाहिरात परत बघायची. वेळ आणि ठिकाण, दोन्ही. सभागृहात दुरुस्ती निघाली की कार्यक्रम दुसरीकडे हलतो आणि तिकिटावर जुनंच नाव राहतं.

5. जवळ काय ठेवायचं

- तिकीट किंवा प्रवेशिका. मोबाईलवर असेल तर आधीच स्क्रीनशॉट काढा. दारात नेटवर्क रुसतं.
- सुट्टे पैसे. पार्किंग, चहा, वडा, सगळीकडे लागतात.
- पाण्याची छोटी बाटली. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या पुढे जातो, हे विसरू नका.
- डिसेंबर-जानेवारीत शाल. रात्री बाहेर पडताना गारठा जाणवतो.
- लहान मूल असेल तर आधी विचारून घ्या. काही नाटकांना ठराविक वयाखालच्या मुलांना सोडत नाहीत आणि दारात वाद घालून उपयोग होत नाही.

वाचनालयाचं सभासद व्हायचं असेल तर त्यासाठी वेगळं: फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि अनामत रक्कम. भाड्याच्या घरात असाल तर भाडेकरार सोबत न्या, एक फेरी वाचेल.

6. जायचं-यायचं

संध्याकाळी पार्क चौकाच्या बाजूला गाडी लावायला जागा शोधणं हे वेगळंच नाटक आहे. दुचाकी बरी. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडकडे राहणाऱ्यांनी रात्री परतीच्या रिक्षाची सोय आधी करावी. नाटक सुटतं तेव्हा सगळेच रिक्षा शोधत असतात आणि भाव तेव्हाच चढतो. आम्ही गल्लीतले चौघे मिळून एक रिक्षा येता-जाता ठरवतो.

शनिवारी पुण्याला जाऊन त्याच रात्री इथला कार्यक्रम गाठू, हा विचार करू नका. पुण्याहून संध्याकाळी सुटणारी हुतात्मा रात्री दहाच्या सुमाराला पोचते. मुंबईहून येणारी वंदे भारत त्याच्याही नंतर.

आणि जानेवारीचा मधला आठवडा. संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. होम मैदानावर पाळणे आणि दुकानं, नंदीध्वजांची मिरवणूक, अर्धं शहर रस्त्यावर. त्या दिवसांत कार्यक्रम असलाच तर चालत जा. किंवा कार्यक्रम सोडा आणि गड्ड्यावर जा. पहिल्या वर्षी मी तेच केलं आणि वाईट वाटलं नाही.

7. वर्षाचा अंदाज

पाऊस ओसरला की मोसम सुरू. दिवाळीच्या आगेमागे गप्पा, मुलाखती आणि गाणं. प्रिसिजन फाउंडेशनच्या 'प्रिसिजन गप्पा' आणि त्यांचा संगीत महोत्सव इथले लोक वर्षभर आधीपासून धरून ठेवतात. या दोन्हींची जाहिरात आली की लगेच हालचाल करा. उन्हाळ्यात नाटकांचा जोर कमी, बालनाट्य शिबिरं जास्त. जून-जुलै थोडे सुने.

इथला प्रेक्षक हलक्यात घेऊ नका. 2006 साली 79 वं साहित्य संमेलन इथे झालं, अध्यक्ष मारुती चितमपल्ली, ते मूळचे इथलेच. 2024 च्या जानेवारीत शंभराव्या नाट्यसंमेलनाचा सोलापूरचा टप्पा झाला. शाहीर राम जोशी या गावचे, गायिका-अभिनेत्री फैय्याज याच गावच्या. गायकाने बंदिशीत शब्द खाल्ला तर मागच्या रांगेतला माणूस आधी चुळबुळतो, मग शेजारच्याला पूर्ण ओळ म्हणून दाखवतो.

8. आत गेल्यावर

तिसऱ्या घंटेआधी बसा. फोन बंद म्हणजे बंद. थरथरणारा फोन लाकडी फळीवर सगळ्यांना ऐकू येतो. मैफलीत आलाप चालू असताना उठू नका, बंदिश संपू द्या. व्याख्यानानंतर प्रश्न विचारायला मिळाला तर प्रश्नच विचारा. एवढंच.

9. राज्य नाट्य स्पर्धा सोडू नका

हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण नव्याने आलेल्यांना हे कुणी सांगतच नाही.

महाराष्ट्र राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धा सांस्कृतिक कार्य संचालनालय भरवतं आणि तिच्या प्राथमिक फेरीचं एक केंद्र सोलापूर आहे. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात रोज संध्याकाळी एक, असं ओळीने नवीन नाटक. तिकीट अगदी नाममात्र, चहाच्या हिशोबातलं. दौऱ्यावरचं नाटक एकदाच येतं म्हणून मी वर एवढी ओरडले. इथे पंधरवडाभर रोज काहीतरी असतं आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

सगळी नाटकं चांगली असतात का? छे. काहींत प्रकाशयोजना नटाला सोडून कपाटावर पडते. एकदा दुसऱ्या अंकात दाराची कडी निघाली आणि "आई, मी चाललो" म्हणणारा मुलगा जाऊ शकेना, तेव्हा आईनेच "थांब, मी उघडते" म्हणून प्रसंग सावरला. त्या वाक्याला त्या रात्रीची सगळ्यात मोठी टाळी पडली. पण दहात दोन नाटकं अशी निघतात की घरी येऊन झोप लागत नाही. अतुल कुलकर्णी इथल्याच 'नाट्य आराधना' या हौशी संस्थेतून पुढे गेले, हे इथे कुणीही अभिमानाने सांगेल. संहिता नवीन असते, विषय बहुधा आसपासचा, आणि नट ओळखीचे निघतात. आमच्या शाखेतला कॅशियर, जो काउंटरवर मान वर करून बघत नाही, तो एका नाटकात गिरणी बंद पडलेल्या कामगाराच्या भूमिकेत दहा मिनिटं एकटा बोलला. दुसऱ्या दिवशी पासबुक भरायला आलेल्या तीन माणसांनी त्याला काचेतून नमस्कार केला. त्याने मान वर केली नाहीच, पण कान लाल झाले होते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हॉलच्या मधे छोटे दिवे लावलेली टेबलं दिसतील, ती परीक्षकांची. त्यांच्या लगेच मागची-पुढची रांग टाळा, तिथे कुजबुजलं तरी वळून बघतात. आणि तिकीट आदल्या दिवशी काढायची गरज नाही. मी प्रयोगाआधी अर्धा तास जाते, खिडकीवर सरळ मिळतं. फक्त पाचशेची नोट काढू नका. खिडकीतला माणूस ती उजेडात धरून बघतो, मग तुमच्याकडे बघतो, आणि म्हणतो, "नाटक बघून या, मग द्या."